नांग्या

तासगावच्या बाजूला द्राक्षाच्या कलमांचे दिवस आले की आबांना आधी सांगून ठेवावं लागे. आयत्या वेळी ते कुणाला सापडत नसत. डॉगरिजचा जंगली खुंट फूट-दीड फुटावर छाटायचा, मधोमध चिरायचा, दोन डोळ्यांची काडी दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची, सालीला साल भिडेल अशी बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी आवळून बांधायची. सगळं काम उकिडवं बसून. आबा एका खुंटापासून दुसऱ्यापर्यंत उकिडवेच सरकत जायचे. वर्षानुवर्षं सरकत होते.

जे कलम लागत नाही त्याची जागा बागेत रिकामी दिसते. तिला नांगी म्हणतात. शेकड्यात चार-दोन नांग्या कुणाच्याही हातून पडतात, पण आबांना त्या चार-दोनांचीही लाज वाटे. पुढच्या खेपेला ते एकटेच पहाटे जाऊन नांग्या भरून यायचे. कुणी बघू नये म्हणून.

त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचा उजवा खुबा गेला. दोन वर्षं लंगडत, गोळ्या खात काढली. शेवटी मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला होणारा रक्तपुरवठा थांबला होता आणि गोळा आतून खचला होता. खुबा बदलायचा ठरला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात.

आबांनी एकच प्रश्न विचारला. "महिन्याच्या शेवटाला घरचीच कलमं हायत. अर्धा एकर नवी बाग. तवर बसाय येईल न्हवं?"

"खुर्चीवर बसता येईल. उकिडवं नाही."

"मग कवा?"

"शक्यतो कधीच नाही, आबा. मांडी घालूनही नाही."

आबा काही बोलले नाहीत. त्यांच्या बायकोनं, शालनकाकींनी, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीची मुलगी वॉकर घेऊन आली. आबांना वाटलं, हिची खोली चुकली. तिनं त्यांना कॉटच्या कडेला बसवलं, चक्कर ओसरू दिली आणि उभं केलं. चार पावलं झाली. घामानं सदरा भिजला. मग तिनं बोटांवर मोजून तीन गोष्टी सांगितल्या. "कंबरेतून काटकोनाच्या पुढं वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. नवा गोळा वाटीत बसलाय, पण भोवतीचे स्नायू अजून कच्चे आहेत. या तिन्हींत तो निसटू शकतो." पायरीचा नियमही तिनं पाठ करून घेतला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

पाचव्या दिवशी आबा घरी आले, तेव्हा सून रूपालीनं घर बदलून टाकलं होतं. कॉटच्या चारी पायांखाली विटा. दारातली पायपुसणी उचललेली. खुर्चीवर दोन घट्ट उशा. कॉटशेजारी कमोडची खुर्ची. झोपताना दोन पायांच्या मध्ये ठेवायला घडी घातलेली जाड वाकळ. आणि उशाशी, बैलाच्या जुन्या माळेतली एक पितळी घंटी.

"हे काय?" आबांनी विचारलं.

"मामा, रात्री-अपरात्री काय लागलं तर वाजवा. हाक माराय नगं."

"मी काय देव हाय, घंटा वाजवाय?" त्यांनी घंटी उचलली आणि हात लांब करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली.

पहिले तीन-चार दिवस माणसांचा राबता होता. नंतर ती आपापल्या कामाला लागली आणि दिवस लांबले. पाठीवर झोपून झोप लागेना. तोंडाला चव नव्हती. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होईना. मांडी सुजून घट्ट झालेली, टाक्यांपाशी खाज. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी होती, शिवाय जागेपणी तासातासाला दोन्ही पायांचे पंजे वर-खाली हलवायचे होते. शालनकाकी आठवण करत आणि आबा चिडत. पण अंगाच्या दुखण्यापेक्षा त्यांना ती कमोडची खुर्ची जास्त दुखत होती. आयुष्यभर कुणाला स्वतःचं ताटही उचलू न दिलेला माणूस, आणि आता बायको भांडं उचलून न्यायची. ती न्यायची तेव्हा आबा भिंतीकडं तोंड करायचे.

त्यांना मागता येत नव्हतं, म्हणून ते ओरडायला लागले. पाणी हवं असलं की, "घरात पाणी संपलं काय सगळ्यांचं?" मोजा घालायचा असला की, "सकाळपास्नं उघडा पाय पडलाय, कुणाला दिसतोय?" काकी यायच्या, काम करायच्या आणि जायच्या. त्यांचेही गुडघे दुखत होते, पण त्या घरात ओरडण्याची पाळी एकाच माणसाची होती.

भेटायला येणारे पावणे आणखी भर घालत. एकजण म्हणाला, "आमच्या मेव्हण्यानं पंधराव्या दिवशी मोटारसायकल काढली." दुसरा म्हणाला, "तुमी अजून वॉकरवरच?" ते गेले की आबा वॉकरवरचे दोन्ही हात सोडून बघायचे. किती वेळ उभं राहता येतंय ते मोजायचे. रोज.

दहाव्या रात्री, सगळे निजल्यावर, त्यांना रडू आलं. कशाचं, ते सांगता आलं नसतं. तोंडावर पंचा धरून ते आवाज न करता रडले. सकाळी पंचा स्वतःच घडी घालून उशीखाली ठेवला.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. त्याच आठवड्यात कलमं सुरू झाली. मुलगा संदीपनं बाहेरची टोळी बोलावली होती, जोडीला रूपाली आणि शेजारच्या दोघी. बाग घराला लागूनच. खिडकीतून बोलणं ऐकू यायचं, हसणं ऐकू यायचं. साडेचारशे खुंट होते. कोण काडी कशी तासतोय, साल भिडवतोय की नुसती खोचतोय, काही दिसायचं नाही. आबांना वाटायचं, आपण मेल्यावर असंच ऐकू येत असेल.

गणपती आले. तासगावच्या गणपतीचा रथ चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी निघतो आणि माणसं दोरानं तो ओढतात. आबांनी पोरगेपणापासून एकही वर्ष दोर सोडला नव्हता. त्या दिवशी संदीप, रूपाली आणि पोरं रथाला गेली. शालनकाकी राहिल्या. दुपारी त्या परड्यात भांडी घासायला बसल्या.

आबांनी कॉटखालचा लाकडी डबा आधीच पोराकडून वर काढून घेतला होता. त्यात त्यांची कलमाची सुरी होती. खुर्चीत बसून ते ती कापडानं पुसत होते. मांडीवरनं सुरी घसरली आणि फरशीवर पडली. उजव्या पायाच्या पुढं, हातभर अंतरावर.

कॉटला टेकवलेला चिमटा होता. लांब दांड्याचा, खाली पडलेलं उचलायचा. आबांनी त्याच्याकडं बघितलंही. पण सुरी चिमट्यानं उचलायची? ते वाकले.

खुब्यात कळ गेली. अशी की डोळ्यांपुढं पांढरं झालं. अंग पुढं झुकलेलं, एक हात खुर्चीच्या दांड्यावर, दुसरा हवेत. मागं येता येईना, पुढं पडायची भीती. पाय जागेवर आहे की निसटला, कळेना. मोबाइल कॉटवर होता. घंटी खिडकीच्या कट्ट्यावर होती, त्यांनीच ठेवलेली. परड्यात भांड्यांचा आवाज येत होता.

हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज बाहेर आला नाही. लागत होतं म्हणून नव्हे. काय म्हणायचं ते कळत नव्हतं. आजवर त्यांनी काकींना हुकूम दिला होता, शिव्या घातल्या होत्या, कधी कौतुकही केलं होतं. पण 'ये, मला जमत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी गेलंच नव्हतं. लांबून रथाच्या वाटेवरचा ढोल ऐकू येत होता. घाम नाकावरून फरशीवर टपकला, मग दुसरा थेंब, मग तिसरा.

"शालन," ते म्हणाले. "शालन, ये. मला उठाय येईना."

भांड्यांचा आवाज थांबला.

शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना आडवं करून, दोन पायांत तीच वाकळ ठेवून मिरजेला नेलं. फोटो काढला. डॉक्टरांनी बराच वेळ बघितला आणि मान हलवली. "नशीब चांगलं आहे. गोळा जागेवर आहे. स्नायूला ताण बसलाय." मग त्यांनी फोटो आबांच्या समोर धरला. "ही दांडी मांडीच्या हाडात बसवली आहे. हिला सिमेंट नाही लावलेलं. हिचं अंग मुद्दाम खरबरीत ठेवलेलं असतं. तुमचं हाड हळूहळू त्या खरबरीत अंगात शिरतं आणि तिला धरतं. याला आठवडे लागतात, महिने लागतात. वरून काही दिसत नाही."

आबा फोटोकडं बघत राहिले. "म्हंजे कलम," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कलम बांधल्यावर वरनं कायबी दिसत न्हाई. आत साल सालीला धरत असती. आणि आडाणी माणूस रोज पट्टी सोडून बघतो, लागलं का न्हाई. तेवढ्यानंच मरतं."

"मग तुम्ही रोज वॉकर सोडून बघत होता ना?" डॉक्टरांनी विचारलं. आबांनी काकींकडं बघितलं. काकी छताकडं बघत होत्या.

"झोप लागते?"

"लागती की."

"न्हाई लागत," काकी म्हणाल्या. "रात्री रडत्यात. पंचा धरून. सकाळी तोंडावर उठलेलं असतंय पंचाचं."

आबांना आयुष्यात इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टर मात्र दचकले नाहीत. एवढी मोठी शस्त्रक्रिया, तुटलेली झोप, दुखण्याच्या गोळ्या, दिवसभर एका खोलीत, सगळ्यांवर अवलंबून. पहिल्या काही आठवड्यांत रडू येतं, चिडचिड होते, उगीच वाटतं की आता आपलं संपलं. बहुतेकांचं हालचाल वाढली की ओसरतं. नाहीच ओसरलं, दिवसेंदिवस वाढत गेलं, तर तसं सांगायचं. त्यालाही औषध असतं. "जसं पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर लगेच सांगायचं, तसंच हेही."

आबा मान खाली घालून बसले होते. एप्रिलच्या छाटणीनंतर पाणी दिलं की छाटलेल्या काडीच्या टोकातून थेंब गळतात, हे ते लहानपणापासून बघत आले होते. त्याला त्यांनी कधी रोग म्हटलं नव्हतं. मुळं जिवंत आहेत, एवढाच त्याचा अर्थ घेतला होता.

निघताना डॉक्टर म्हणाले, "आबा, हे ऑपरेशन ज्यांनी जगात रुळवलं ना, इंग्लंडचे जॉन चार्न्ली, त्यांच्या पहिल्या वाट्या टेफ्लॉनच्या होत्या. थोड्या वर्षांतच झिजल्या. त्यांनी ते लपवलं नाही. त्याच पेशंटांना पुन्हा बोलावलं, पुन्हा उघडलं. 1962 साली दुसरं प्लास्टिक घेतलं, ते टिकलं. तुमच्या खुब्यात आज जे आहे ते तिथून आलंय."

"म्हंजे त्यास्नीबी नांग्या भराव्या लागल्या," आबा म्हणाले. डॉक्टरांना शब्द कळला नाही, पण आबा त्या महिन्यात पहिल्यांदा हसले होते.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकी म्हणाल्या, "एक सांगू? तुमी पाणी मागत न्हाई. 'पाणी संपलं काय सगळ्यांचं' म्हणता. पाण्यानं मला कधी तरास झाला न्हाई. त्या बोलण्यानं झाला."

आबा बाहेर बघत राहिले. मणेराजुरीचा फाटा गेला असेल तेव्हा म्हणाले, "भांडं उचलतीस तवा मला मेल्यागत होतं."

"मला न्हाई होत," काकी म्हणाल्या. "तुमी बाळंतपणात माझं उचललं न्हाई, म्हणून तुमाला ठावं न्हाई. माणूस उचलतो."

घरी आल्यावर आबांनी घंटी मागून घेतली आणि उशाशी ठेवली. पहिल्या रात्री ती वाजवायला त्यांना पाव तास लागला. दुसऱ्या रात्री पाच मिनिटं. वॉकर सोडून बघणं बंद झालं. सकाळ-संध्याकाळ फिजिओनं दिलेले व्यायाम ते मोजून करू लागले. झोपून टाच ओढणं, मांडी आवळणं, पाय बाजूला नेणं. पावण्यांपैकी कुणी मेव्हण्याची मोटारसायकल काढली की म्हणत, "त्याचा खुंट येगळा, माझा येगळा." अंगणातल्या पावलांचा हिशोब रूपालीच्या पोराच्या वहीत लिहिला जाऊ लागला. वीस, पस्तीस, साठ. एका दिवशी पस्तीसवरून पुन्हा पंचवीसवर आले, तेही लिहिलं.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी पोराला आणखी एक यादी लिहायला लावली. वर लिहिलं, आबांच्या नांग्या. खाली: उकिडवं बसणं. पंगतीत मांडी घालणं. रथाचा दोर. पोरानं विचारलं, "आबा, ह्या भरायच्या कशा?" आबा म्हणाले, "आदी मोजायच्या. न मोजलेली नांगी भरत न्हाई."

सहा आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी वॉकर काढून काठी दिली, डाव्या हातात धरायची. कारण दुखरा खुबा उजवा. आबांना आधी हे उलटं वाटलं. मग चालून बघितलं आणि पटलं. आधार नेहमी दुखऱ्या बाजूलाच लागतो असं नाही.

सप्टेंबर सरत आला होता. बाग फुटली होती. कोवळे फुटवे बांबूला सुतळीनं बांधले जात होते. संदीपनं जरा घाबरतच सांगितलं, "आबा, सव्वीस नांग्या पडल्यात."

साडेचारशेत सव्वीस. आबांनी मनातल्या मनात हिशोब केला. त्यांच्या हातून कधी इतक्या पडल्या नसत्या. पूर्वी असतं तर तोंडातून काय गेलं असतं ते संदीपलाही ठाऊक होतं. आबा म्हणाले, "बागंच्या तोंडाला खुर्ची टाक. उंच. उशा दोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खुर्चीवर बसले. समोर टेबल, टेबलावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या. ते काडी तासून पाचर करायचे आणि रूपालीच्या हातात द्यायचे. ती खुंटापाशी उकिडवी बसून चिरेत बसवायची आणि पट्टी आवळायची. पहिली काडी तिनं नुसती खोचली. आबा ओरडले नाहीत. "रूपाली, एका अंगाला साल भिडव. दोन्ही अंगाला भिडली न्हाई तरी चालंल, पण एका अंगाला भिडाय पायजे," असं सांगितलं. तिसऱ्या काडीला तिचा हात बसला. इतक्या वर्षांत आबांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती, ते स्वतःच सगळं करत होते.

दहाच्या सुमाराला सुरी हातातून निसटली आणि मातीत पडली. आबांनी तिच्याकडं बघितलं.

"शालन," ते म्हणाले, "जरा ती सुरी देतीस का?"

काकी बांधावर बसून सुतळी सोडवत होत्या. उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, सुरी उचलली, पदराला पुसून दिली. आणि परत जाऊन सुतळी सोडवायला बसल्या.

सव्वीस नांग्या दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत भरल्या. तीन आठवड्यांनी मोजल्या तेव्हा चोवीस फुटल्या होत्या. उरलेल्या दोन वहीत लिहून ठेवल्या आहेत, पुढच्या वर्षासाठी.

तुमच्या घरात कुणाचा खुबा बदलला असेल तर कॉट विटांवर चढवा, पायपुसणी उचला, कमोड आणा, चिमटा हाताशी ठेवा. गोळ्या आणि व्यायाम डॉक्टर सांगतील तसे. आणि उशाशी एक घंटी ठेवा. ती पहिल्या आठवड्यात वाजली नाही, तर माणसाला काही लागत नाही असं समजू नका. तुम्हीच जवळ जाऊन बसा.